पेनल्टी मिळाली, आता काय घेता?

नमस्कार श्रोतेहो.

फुटबॉलमधली पेनल्टी किक कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गोलपासून ११ मीटरवर चेंडू, समोर एकटा गोलरक्षक, बाकी सगळे मागे. पण ही शिक्षा सुचवली कुणी, ठाऊक आहे? एका गोलरक्षकानंच! आयर्लंडमधल्या मिलफर्डचे विल्यम मॅक्रम. त्या काळी गोल होतोय असं दिसलं की बचावपटू समोरच्याला खुशाल पाडायचे, चेंडू हातानं अडवायचे, आणि भरपाई म्हणून मिळायची साधी फ्री किक. मॅक्रमना हे सहन होईना. सभ्य खेळाडू मुद्दाम फाउल करतो असं धरून चालणं हाच अपमान, अशी ओरड झाली. तरी १८९१ साली नियम आलाच. जी शिक्षा आपल्यालाच भोवणार, ती या माणसानं मागून घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणजे फुटबॉलची पेनल्टी ही हिरावलेल्या गोलची भरपाई. रग्बीत मात्र ती मैदानात कुठेही मिळते, आणि मिळाली की निर्णय कर्णधाराचा. उंच खांबांमधून, आडव्या दांडीवरून चेंडू मारला तर ३ गुण. सीमारेषेबाहेर मारला तर पुढे सरकून लाइनआउट, म्हणजे दोन्ही संघांच्या रांगांमध्ये चेंडू फेकून खेळ पुन्हा सुरू, तोही आपल्याच फेकीचा. नाहीतर स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात तो. नाहीतर चेंडूला पाय लावून लगेच धावत सुटायचं.

त्या ३ गुणांना कमी लेखू नका. २०२३चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडविरुद्ध १२-११ असा जिंकला, तो हान्द्रे पोलार्डच्या ४ पेनल्टींवर. अंतिम सामन्यातला एकमेव ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणारे ५ गुण, न्यूझीलंडचा होता!

तरीही माझं मन अडकलंय ते ब्रायटनमध्ये. १९ सप्टेंबर २०१५, विश्वचषकाचा सामना. दोनदा जगज्जेती ठरलेली दक्षिण आफ्रिका ३२, जपान २९. तोवरच्या सगळ्या विश्वचषकांत मिळून जपाननं जिंकलेला सामना एकच. वेळ संपत आलेली, आणि जपानला पेनल्टी मिळते. खांबांमधून मारली की बरोबरी. प्रशिक्षक एडी जोन्स यांनाही तेच हवं होतं. पण कर्णधार मायकेल लीचनं स्क्रम मागितला.

बरोबरी त्याच्या हातात होती, श्रोतेहो, आणि त्यानं ती सोडून दिली.

स्क्रममधून चेंडू निघाला, या बाजूहून त्या बाजूला गेला, आणि डाव्या कोपऱ्यात कार्न हेस्केथनं झेप घेऊन तो रेषेपलीकडे टेकवला. ३४-३२.