आधी ताट बघा, मग वाफा आखा

विद्यार्थ्यांची शेती हा विषय आहे आणि मी सुरुवातीलाच सांगतो, ही शेती कृषीच्या मुलांपुरती ठेवायची नाही. गोकाकजवळ अरभावीला हॉर्टिकल्चर कॉलेज आहे, धारवाडचं कृषी विद्यापीठ 1986 पासनं आहे, तिथली मुलं मातीत उतरतात, तो त्यांचा अभ्यासच. मी बोलतोय बीए, बीकॉमच्या पोरापोरींबद्दल आणि कॉलेजमागं पडून असलेल्या जागेबद्दल, तिथं गरजूंसाठी भाजी पिकवण्याबद्दल.

कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात 1977 पासनं विद्यार्थ्यांची शेती चालू आहे, मुलंच पेरतात, मुलंच काढतात, आणि ज्यांना भाजी विकत घेणं जमत नाही अशा विद्यार्थ्यांपर्यंत तिथला माल पोचतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका म्हणत शिकणाऱ्या पोरांना शेतात कामाला लावलं.

आता आपल्याकडं बघा. कडोली, सुळगा, उचगाव भागातली भाजी रोज गोव्याला जाते, आणि जांबोटी-कणकुंबीकडनं येऊन बेळगावात खोली करून राहिलेला पोरगा भात आणि लोणच्यावर दिवस काढतो. रेशनवर तांदूळ मिळतो हो, मेथी नाही मिळत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या पोटात जायला पाहिजेत. 50 जणांचे झाले 20 किलो, आणि ते रोज!

म्हणून मी म्हणतो, शेताकडनं हिशोब लावू नका, ताटाकडनं लावा. बऱ्याच ठिकाणी उत्साहात एकाच दिवशी सगळे वाफे मेथीनं भरतात, मग महिन्याभरात ती सगळी एकदमच काढायला येते, दोन दिवसांत पिवळी पडते, आणि पुढचे तीन आठवडे शेतात काहीच नाही. त्यापेक्षा दर आठवड्याला थोडी थोडी पेरा. मेथी, पालक, शेपू महिन्यासव्वा महिन्यात येतात, मुळा दीड महिन्यात, कोबी-फ्लॉवरला अडीच-तीन महिने धरा. आणि खाणाऱ्याला आधी विचारा की बाबा तुझ्याकडं स्टोव्ह आहे का, निवडायला-चिरायला वेळ आहे का. खोलीत एकच पातेलं असलेल्या मुलाला तांदळी-राजगिऱ्याचा पाला उपयोगी, भातासोबत शिजतो. सिव्हिल हॉस्पिटलात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकाला कच्च्या कोबीचा गड्डा देऊन काय होणार, तिथं काकडी, टोमॅटो द्या, नाहीतर आधी स्वयंपाकघर असलेली एखादी संस्था गाठा.

काढणी पहाटे करा, माल सावलीत ठेवा, आणि त्याच दिवशी पोचवा, कारण पालेभाजीतलं सी जीवनसत्त्व उन्हात पडलं की झपाट्यानं जातं. चांगल्या पेंड्या विकायच्या आणि उरलंसुरलं वाटायचं हे मला अजिबात मान्य नाही. गरजूंसाठी म्हणून शेत केलंय ना, मग पहिली पेंडी त्यांची.

अवघड गोष्ट वेगळीच आहे बघा. शेतीचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष जुळत नाही. ऐन मे महिन्यात पाणी पाहिजे तेव्हा सगळे सुट्टीला गावी, आणि जुलैत बेळगावचा पाऊस लागला की सपाट वाफ्यातली पालेभाजी सडते, तेव्हा नवीन ॲडमिशनवाल्यांना अजून भांगलायची खुरपी कुठं ठेवलीत हे माहीत नसतं. यावर उपाय आहे. पावसाळ्यात गादीवाफे उंच करा, मधे चर काढा, पालेभाजी कमी करून दोडका, पडवळ, घेवडा मांडवावर चढवा. आणि माणसांचं म्हणाल तर एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, दोन वर्षांत 240 तास काम करायचं असतं, त्यातले काही तास शेताला द्या. दुसऱ्या वर्षाच्या मुलानं पहिल्या वर्षाच्या मुलीला बियाणाची वही, पाण्याच्या पाळ्या, सगळं मार्चच्या आत शिकवून ठेवायचं, परीक्षा संपल्यावर कोण थांबतंय?

तर मॅडमनी बाहेर टेबलावर वही ठेवलीय, त्यात फक्त मे महिना आखलाय. ज्यांची घरं जवळ आहेत, वडगाव, येळ्ळूर, कंग्राळी, त्यांनी आठवड्यातली एक सकाळ लिहून जा, बाकीचे महिने नंतर बघू.