मुक्ता साळवे यांचा निबंध

श्रोतेहो, साहित्य आणि शिक्षण यांचा मनुष्यस्वभावाशी काय संबंध आहे, हा प्रश्न फार मोठा आहे. म्हणून मी तो एका छोट्या लिखाणाच्या आधाराने मांडणार आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका मुक्ता साळवे. मांग समाजात जन्मलेली, चौदा वर्षांच्या आसपासची, आणि फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेली मुलगी. मुंबई विद्यापीठाची स्थापना तेव्हा व्हायची होती, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ला अजून एकोणीस वर्षे अवकाश होता.

सामाजिक इतिहासाचा पुरावा म्हणून या निबंधाचा उल्लेख आपण आदराने करतो, पण त्यातील विचाराची आणि गद्याची चर्चा क्वचितच करतो, आणि मला हा अन्याय वाटतो. वेदांविषयीचा तिचा युक्तिवादच पाहा. वेद ही आमचीच मालमत्ता आहे, असे ब्राह्मण म्हणतात. हे विधान ती खोडून काढत बसत नाही, उलट ते मान्य करते आणि विचारते की, तसे असेल तर आम्हांला ग्रंथच नाही, आणि ग्रंथ नसेल तर धर्मही नाही, मग आम्ही वागावे तरी कोणत्या धर्माप्रमाणे? प्रतिपक्षाचेच म्हणणे स्वीकारून त्यातून त्याला पेचात टाकणारा निष्कर्ष काढणे भल्याभल्या वादपटूंना साधत नाही. तेथून ती थेट देवालाच साकडे घालते, आणि ज्या धर्माचा लाभ एकानेच घ्यावा व बाकीच्यांनी नुसते बघत राहावे, तो पृथ्वीवरून नष्ट होवो, असे निःसंकोच लिहिते.

बाजीरावाच्या राज्यात लंगड्या गाढवाला कोणी मारले, तर त्याचा धनी जाब विचारील, पण मांग-महारांना मारू नका असे म्हणणारा कोण होता, असे ती विचारते. हा संताप समजण्यासारखा आहे. मला अधिक विलक्षण वाटते ते पुढचे. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरांवर छप्परसुद्धा नसते, पावसात आणि थंडीत त्यांचे काय होत असेल याचा विचार आपल्या अनुभवावरून करा, असे ती वाचकांना सांगते. ‘ज्ञानोदय’ वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना डोक्यावर छप्पर नसणे म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. थंडी मात्र प्रत्येकाला वाजलेली होती. परक्याच्या वेदनेपर्यंत पोहोचायची वाट वाचकाच्या स्वतःच्या अंगावरूनच जाते, हे या मुलीने ओळखले होते, आणि साहित्य ज्या शक्तीवर जगते ती शक्ती माझ्या मते हीच.

मनुष्यस्वभावाविषयीची तिची दृष्टी किती निर्भय आहे, हे तिच्या आणखी एका निरीक्षणात दिसते. ज्यांना स्वतःला हीन लेखले गेले ते महारदेखील मांगांपेक्षा आपण वरचे असे मानतात आणि मांगाच्या सावलीचाही विटाळ धरतात, असे ती नोंदवते. अपमान सोसलेल्या माणसाला त्याच अपमानाचा वाटा दुसऱ्याला द्यावासा वाटतो, ही गोष्ट कबूल करणे आपल्याच माणसांविषयी लिहिताना फार अवघड असते, कारण तेव्हा दोष झाकण्याचा मोह सर्वांत प्रबळ असतो. तिने तो टाळला, आणि तरीही दुःखाचे मूळ कोठे आहे याविषयी तिच्या मनात कोठेही गोंधळ झाला नाही.

शेवटी ती वळते ती आपल्याच लोकांकडे. दारिद्र्याने पिडलेल्या मांग-महारांनो, तुम्ही रोगी आहात, तेव्हा आपल्या बुद्धीसाठी ज्ञानाचे औषध घ्या, म्हणजे वाईट कल्पना जाऊन तुम्ही नीतिमान व्हाल, असे ती म्हणते. शिक्षणाने नोकरी किंवा प्रतिष्ठा मिळेल, असे आश्वासन ती येथे देत नाही. स्वतःचे मन स्वतः तपासण्याचे बळ तिला शिक्षणातून हवे आहे.