शून्यावरची सुई

विषयपत्रिकेवर 'मॅन्युअल की ऑटो' असं छापलंय, म्हणजे कॅमेऱ्याचं छिद्र आणि शटर हाताने लावायचं की त्याच्यावरच सोडायचं. त्याचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी मला एका सुईबद्दल बोलायचंय.

कॅमेऱ्याला डोळा लावून बघतो त्या व्ह्यूफाइंडरच्या तळाशी फोटो अंधारा येईल की उजळ हे दाखवणारी एक पट्टी असते. मधे शून्य, एका बाजूला उणे, दुसऱ्या बाजूला अधिक. पूर्वी काही कॅमेऱ्यांत खरीखुरी सुई हलायची, आता ठिपके सरकतात, तरी आपण तिला सुईच म्हणू. मॅन्युअलवर असताना ही सुई शून्यावर आणल्याशिवाय बटण न दाबणारे किती जण आहात? हात वर करा. बरेच आहेत, आणि उरलेले शेजाऱ्याकडे बघतायत. रागावू नका, पण तुम्ही सगळे ऑटोवरच फोटो काढताय. मोटारीच्या जागी तुमचा अंगठा आहे, इतकाच फरक.

शून्य कुठे असावं हे कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर ठरवतं. ॲपर्चर प्रायॉरिटीत छिद्र तुम्ही ठरवता, आणि त्याच शून्याला जुळणारा शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते, कॅमेरा क्षणात निवडतो. तुम्ही डायल फिरवून तेच करता, दोन-तीन सेकंद घेऊन. तोवर समोरचं मूल हसायचं थांबलेलं असतं.

इथे एक जुना कॅमेरा आठवायलाच हवा. १९३८ साली कोडॅकने सुपर सिक्स-२० आणला, आपोआप एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, ठरवणारा पहिला कॅमेरा. त्यात सेलेनियमचा मोठा फोटोसेल होता. त्यावर प्रकाश पडला की वीज तयार व्हायची आणि तेवढ्याशा विजेवर मीटरची सुई हलायची. शटर स्पीड माणसाने ठरवायचा. बटण दाबलं की सुई जिथे असेल तिथेच धरली जायची, आणि ती कुठे अडकली त्यावरून छिद्र किती उघडायचं हे ठरायचं. आजच्या भाषेत ही शटर प्रायॉरिटी. म्हणजे सुई बघून छिद्र जुळवण्याचं काम त्या काळीच यंत्राकडे गेलं होतं, आणि आपण ते मोठ्या अभिमानाने परत अंगावर घेतलंय. पुढे १९७८ च्या कॅनन ए-१ मध्ये छिद्र आणि शटर दोन्ही स्वतः ठरवणारा प्रोग्रॅम मोड आला. १९८३ च्या निकॉन एफएचं मीटर चौकटीचे पाच भाग करून मोजायला लागलं. आताची मीटरं चेहरासुद्धा ओळखतात. पण वस्तूवर किती प्रकाश पडतोय हे त्यांना आजही कळत नाही. वस्तूवरून किती परत येतोय, तेवढंच कळतं.

सगळी गडबड इथून सुरू होते. मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करडं धरून चालतं. चौकटभर बर्फ असला की त्याला वाटतं प्रकाश फार झाला, ते एक्स्पोजर कमी करतं आणि बर्फ राखेसारखा येतो. काळा कुत्रा चौकटभर असला की उलटं होतं. कुत्रा करडा दिसतो आणि त्याच्या गळ्यातला पांढरा पट्टा पार उडून जातो. उपाय एक्स्पोजर काँपेन्सेशनचा, म्हणजे मीटर सांगेल त्यापेक्षा मुद्दाम कमी-जास्त करायचं. ते स्टॉपमध्ये मोजतात, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. बर्फाला अधिक दीड ते दोन स्टॉप, काळ्याला उणे एक ते दीड. पांढऱ्यासाठी वाढवायचं आणि काळ्यासाठी कमी करायचं, हे पहिल्यांदा ऐकताना उलटंच वाटतं. अनेक जण नेमकं उलटं करून बघतात आणि मग कॅमेरा बिघडला म्हणतात. आता मॅन्युअलवर याच बर्फासमोर सुई शून्यावर आणलीत, तर काय येईल? तीच राख, हाताने बनवलेली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. तेव्हा छापलेला विषय आता भराभर.

मोड निवडताना इतकंच विचारायचं: प्रकाश बदलतोय, की फक्त चौकट?

प्रकाश स्थिर आणि चौकट बदलती असेल तर मॅन्युअल. उन्हात उडणारा पक्षी घ्या. तो आधी आभाळासमोर असतो, मग गर्द झाडीसमोर जातो. त्याच्यावरचं ऊन तेच आहे, पण ऑटोवर आभाळासमोर तो काळी सावली होतो आणि झाडीसमोर त्याचे पांढरे पंख जळतात. मॅन्युअलवर एकदा नीट लावलं की दोन्हीकडे सारखा येतो. स्टेजवर स्पॉटलाइटमधला गायक आणि मागे काळा पडदा असेल तरी हेच. अनेक फोटो जोडून केलेल्या पॅनोरमातही हेच, नाहीतर जोड दिसतात. स्टुडिओ फ्लॅशला तर पर्यायच नाही, कारण तो बटण दाबल्यावर पेटतो आणि मीटर त्याआधीच मोजून मोकळं झालेलं असतं.

मॅन्युअल लावायचं कसं? पक्ष्यावर जे ऊन आहे त्याच उन्हात तळहात धरा आणि चौकटीतला छोटासा भागच मोजणाऱ्या स्पॉट मीटरने मोजा. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून सुई अधिक एकवर ठेवायची. शून्यावर नाही! एक फोटो काढा, हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटलेला नाही ना बघा, मग डायलला हात लावू नका. ढग आला तर मात्र लावायलाच हवा. सूर्य झाकला की दोन-तीन स्टॉप सहज उतरतात.

एक खड्डा सांगून ठेवतो. एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं. १८-५५ मिमीची एफ ३.५ ते ५.६ वाली झूम लेन्स असेल तर १८ वर एफ ३.५ लावून ५५ पर्यंत झूम केलंत की छिद्र आपोआप ५.६ होतं, आणि शटर व आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) तेच ठेवलेत तर फोटो सव्वा स्टॉपहून जास्त काळवंडतो. सुरुवातीपासून ५.६ ठेवा.

प्रकाशच बदलत असेल, ढगांची पळापळ असेल किंवा आत-बाहेर चालत फोटो काढायचे असतील, तर ॲपर्चर प्रायॉरिटी आणि काँपेन्सेशनवर अंगठा. त्यात शटर किती खाली गेलाय इकडे लक्ष ठेवा. आयएसओ १०० वर अडकवून घरात शिरलात तर शटर १/१० सेकंदावर जाईल आणि माणसं पुसट होतील. ऑटो आयएसओ लावा, किमान शटर १/२५० सांगा. छिद्र आणि शटर दोन्ही हातात हवेत पण प्रकाश पळतोय, तर मॅन्युअलमध्येच ऑटो आयएसओ. फक्त तुमच्या कॅमेऱ्यात तिथे काँपेन्सेशन चालतं का, हे आधी तपासा, सगळ्यांत चालत नाही.

घंटा झाली. एवढंच सांगतो, कॅमेरा बॅगेत टाकण्यापूर्वी काँपेन्सेशन शून्यावर आणि डायल ॲपर्चर प्रायॉरिटीवर आणा. रात्रीचं मॅन्युअल, एफ २.८, १/६०, आयएसओ ३२०० तसंच राहिलं, तर सकाळच्या उन्हात पहिले दहा फोटो कोऱ्या कागदासारखे येतात. हं, विचारा प्रश्न.