किटवरचं नाव आणि दुसरी फेरी

(दृश्य: शाळेचं पटांगण, किटवाटप)

जिल्हा परिषद शाळेतलं दंततपासणी शिबिर. प्रत्येक मुलाला ब्रश, पेस्टची छोटी ट्यूब आणि रंगीत तक्ता. तिन्हींवर प्रायोजकाचं नाव.

(दृश्य: तक्ता, मग ब्रश जवळून)

तक्त्यात पेस्ट ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. एवढी लागत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. लहान मुलं पेस्ट गिळतात, आणि तिच्यात दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड घातलेलं असतं. त्यात चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांसारखं बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल, तर पुढे येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. म्हणून विचारायचं, तक्ता काढला कोणी? पेस्ट विकणाऱ्यानेच ना?

(दृश्य: वार्निश लावताना)

खरं काम इथे चाललंय. आधी दात गॉजने पुसून कोरडे करायचे. मग ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांची कीड रोखणारा चिकट लेप, घ्यायचं. सगळे दुधाचे दात असतील तर पाव मिलिलिटर, काही पक्के आले असतील तर ०.४ मिलिलिटर. छोट्या ब्रशने पातळ थर द्यायचा, दाढांच्या खाचा सोडायच्या नाहीत. लाळ लागली की ते घट्ट होतं. चार तास कडक किंवा गरम काही खायचं नाही, दात दुसऱ्या दिवशी घासायचे. दोन-तीन मिनिटांत एक मूल होतं. मात्र हे वर्षातून किमान दोनदा लावावं लागतं. फोटो पहिल्याच फेरीत निघतात, दुसरीचा खर्च मागे राहतो.

(दृश्य: फाटकासमोरच्या टपरीतला फ्रिज)

३०० मिलिलिटर कोलात सुमारे ३० ग्रॅम साखर असते. २००३ साली कोका-कोलाच्या फाउंडेशनने अमेरिकेतल्या बालदंतवैद्यकांच्या अकादमीच्या फाउंडेशनला १० लाख डॉलर दिले. मुलांच्या दातांसाठी. टीका व्हायलाच हवी होती, ती झाली.

(दृश्य: बॅनर)

पैसे नाकारा, असं आमचं म्हणणं नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, असं २०२१च्या नियमांत स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांनी त्यावर बोट ठेवून लिहून घ्यावं: किटवर नाव नको, तक्ता सरकारी दंत महाविद्यालयाकडून तपासलेला हवा, दोन्ही फेऱ्यांचे पैसे आधी जमा.

(दृश्य: काळी पडलेली दाढ)

दुधाची दाढ लवकर काढावी लागली, की शेजारचे दात सरकतात आणि तिच्याखालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा अडते.