हापूस, ब्रसेल्स आणि दूतावासातील आर्थिक अधिकारी

नमस्कार. १ मे २०१४ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी आणि हापूसचा हंगाम ऐन भरात असताना, युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्यांवर बंदी लागू केली. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळू या चार भाज्यांचीही आयात थांबली. २०१३ या एकाच वर्षात भारतातून आलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर घातक किडी सापडल्या होत्या, असे कारण त्यासाठी देण्यात आले. ही मुळात तात्पुरती बंदी होती आणि तिची मुदत डिसेंबर २०१५ अखेरपर्यंत ठेवलेली होती. पण ज्या बागायतदाराने त्या वर्षीच्या पेट्या युरोपच्या भरवशावर बांधल्या होत्या, त्याच्यासाठी तात्पुरती आणि कायमची यात त्या मे महिन्यात काहीही फरक नव्हता.

त्या काळात आपल्याकडे चर्चा झाली ती मंत्र्यांच्या पत्रांची आणि लंडनमधील आंबा व्यापाऱ्यांच्या नाराजीची. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या चर्चेत फारसे न दिसणाऱ्या एका पदाविषयी. परदेशातील दूतावासात आर्थिक आणि वाणिज्य विभाग सांभाळणारा अधिकारी वर्षभराच्या कामाचा क्रम कसा ठरवतो आणि परक्या देशात उपयोगी पडतील अशा ओळखी कशा जोडतो, हे या आंब्याच्या निमित्ताने जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कशातून दिसते.

[पडद्यावर: ब्रसेल्सचा नकाशा]

आधी या पदाची जागा समजून घेऊ. राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार १९६१ साली झाला. दूतावासाने कोणती कामे करायची हे त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितले आहे आणि त्यात दोन्ही देशांतील आर्थिक संबंध वाढवणे, तसेच यजमान देशातील परिस्थितीची कायदेशीर मार्गाने माहिती घेऊन ती आपल्या सरकारला कळवणे, या दोन्ही गोष्टी येतात. अमेरिकेने ही कामे वेगवेगळ्या खात्यांत वाटली आहेत. तिथे परराष्ट्र खात्याचे आर्थिक अधिकारी धोरणाकडे पाहतात, व्यापारवाढीचे काम १९८० पासून वाणिज्य खात्याच्या स्वतंत्र सेवेकडे आहे आणि शेतमालासाठी कृषी खात्याची माणसे निराळी असतात. भारताच्या बहुतेक दूतावासांत मात्र हे सगळे एकाच लहानशा विभागाकडे येते. बेल्जियमची राजधानी आणि युरोपीय संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रसेल्समधील भारतीय दूतावास तर बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि युरोपीय संघ या तिन्हींसाठी नेमलेला आहे. अँटवर्पच्या हिरे बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बस्तान बसवलेली गुजराती कुटुंबे, संघाशी चालणाऱ्या व्यापारी वाटाघाटी आणि फळमाशीची नोटीस या तिन्ही गोष्टी एकाच इमारतीत येऊन पडतात.

म्हणूनच कामाचा क्रम ठरवणे म्हणजे मुख्यतः काय सोडून द्यायचे ते ठरवणे. दिल्लीहून येणाऱ्या सूचनांच्या यादीत सगळेच तातडीचे असते. शिष्टमंडळे येतात, प्रदर्शने भरतात, एखाद्या निर्यातदाराचे पैसे अडकलेले असतात आणि त्याला दूतावासाने मध्यस्थी करायला हवी असते. या रोजच्या रेट्यात जो अधिकारी स्वतःची मांडणी करत नाही, त्याचे वर्ष इतरांच्या मागण्या पुरवण्यातच संपते. जो मांडणी करतो, तो तीन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहतो. पहिली म्हणजे यजमान देशाची दिनदर्शिका: तिथला अर्थसंकल्प कधी मांडला जातो, संसदेची सुट्टी कधी असते, कोणती नियमावली कोणत्या महिन्यात समितीसमोर येते. दुसरी म्हणजे आपली स्वतःची दिनदर्शिका, आणि तिच्यात पिकांचे हंगाम फार महत्त्वाचे. युरोपात जाणारी नाशिकची द्राक्षे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निघतात आणि हापूसची मुख्य निर्यात एप्रिल-मेमध्ये होते. त्यामुळे द्राक्षांविषयीची शंका जानेवारीत किंवा आंब्याविषयीची शंका मार्चमध्ये सोडवायला घेतली, तर ते वर्ष हातचे गेले असे समजायचे. तिसरी गोष्ट व्यापाराची आकडेवारी, तीही सरसकट नव्हे, तर सहा आकडी सीमाशुल्क संकेतांकापर्यंत उतरून पाहिलेली, कारण ‘फळे’ वाढली असे सांगणाऱ्या तक्त्यात आंबा घटल्याचे दिसत नाही.

यापुढचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याला कसलीही झळाळी नाही. ते काम म्हणजे यजमान देशाची राजपत्रे, समित्यांचे अहवाल आणि किडींच्या नोंदी नियमितपणे वाचणे. युरोपीय संघात आयात मालात कीड सापडली की तिची नोंद एका सामायिक यंत्रणेत होते आणि निर्यातदार देशालाही कळवले जाते. म्हणजे २०७ हा आकडा एका रात्रीत उगवलेला नव्हता. तो खेपेखेपेने वाढत गेला होता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार अन्नसुरक्षा आणि वनस्पती आरोग्याविषयीचा नवा नियम करण्यापूर्वी सदस्य देशांना कळवावे लागते आणि त्यावर म्हणणे मांडण्यासाठी साधारणपणे ६० दिवस द्यावे लागतात. परंतु तातडीची कारवाई असेल तर ही मुदत मिळत नाही. त्यामुळे प्रकरण बंदीपर्यंत पोहोचण्याआधी, ते एखाद्या तांत्रिक अधिकाऱ्याच्या टेबलावर असतानाच हाताळता आले, तर त्याला अर्थ. मंत्र्याचे पत्र जाईपर्यंत समोरच्या बाजूने भूमिका घेतलेली असते, आणि जाहीरपणे घेतलेली भूमिका मागे घेणे कोणत्याही सरकारला जड जाते.

येथे ओळखींचा प्रश्न येतो. दूतावासातील माणसाच्या ओळखी म्हणजे मेजवान्या आणि हस्तांदोलने, असे चित्र आपल्या मनात असते. स्वागतसमारंभ असतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण फाईलवर पहिला मसुदा लिहिणारा अधिकारी अशा समारंभांना सहसा येत नाही. तो एखाद्या संचालनालयात दहा-पंधरा वर्षे एकाच विषयावर काम करत असतो, मंत्री बदलले तरी तो तिथेच असतो आणि त्याला राजनैतिक गोडव्यापेक्षा नेमकी माहिती हवी असते. अशा माणसाकडे पहिल्यांदा जायचे ते काही मागण्यासाठी नव्हे. ‘तुमच्या तपासणीत आमच्या मालाबाबत सर्वांत जास्त अडचण कुठे येते?’ एवढाच प्रश्न विचारायचा, उत्तर शांतपणे ऐकायचे, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या उत्तरावर आपल्याकडे काय झाले ते त्याला आठवणीने कळवायचे. हे आठवणीने कळवणे बहुतेक ठिकाणी राहून जाते. ज्याने एकदा मनापासून सांगितले आणि पुढे त्याचे काहीच झाल्याचे कळले नाही, तो दुसऱ्यांदा फक्त औपचारिक उत्तर देतो.

समोरच्याला कशाची भीती वाटते आहे, हेही त्याच्याच तोंडून ऐकायला हवे. आंब्याच्या बंदीच्या वेळी, तेव्हा युरोपीय संघात असलेल्या ब्रिटनच्या कृषी आणि पर्यावरण खात्याची बाजू अशी होती की ही फळमाशी तिथल्या टोमॅटो आणि काकडीच्या हरितगृहांत शिरली तर मोठे नुकसान होईल. आपल्याकडे त्या दिवसांत बंदीमागे हापूसविषयी आकस असल्याची भाषा ऐकू येत होती. मला ती तेव्हाही पटली नव्हती. इंग्लंडमधील टोमॅटो पिकवणारा आणि देवगडचा बागायतदार या दोघांची काळजी एकाच जातीची आहे, आणि जो अधिकारी हे मान्य करून बोलायला बसतो त्याच्याशी समोरचाही उपायांविषयी बोलू लागतो.

ओळखी कोणत्या शहरात जोडायच्या, हाही क्रम ठरवण्याचाच भाग आहे, आणि बेल्जियमइतके याचे चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्या देशात परकीय व्यापारवाढीचे काम केंद्र सरकारपेक्षा फ्लँडर्स, वालोनिया आणि ब्रसेल्स या प्रदेशांकडे आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडा आणि युरोपीय संघ यांच्यातील व्यापार करार, कित्येक वर्षांच्या वाटाघाटींनंतर, स्वाक्षरीच्या उंबरठ्यावर अडला. बेल्जियमच्या केंद्र सरकारला संमती देता येत नव्हती, कारण सुमारे ३६ लाख लोकसंख्येच्या वालोनियाच्या विधिमंडळाने विरोध केला होता. कॅनडाच्या व्यापारमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड चर्चा सोडून बाहेर पडल्या, आणि बाहेर पडताना त्यांचा गळा दाटून आला होता हे जगाने पाहिले. पुढे खुलासे आणि आश्वासने देऊन ३० ऑक्टोबरला करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. वालोनियाचे विधिमंडळ नामूर या शहरात आहे, ब्रसेल्सपासून रेल्वेने साधारण तासाभरावर. राजधानीतच सगळे ठरते असे गृहीत धरले की असा तासाभराचा प्रवास राहून जातो. आपल्याकडे नेमून आलेल्या परदेशी अधिकाऱ्यांनाही हीच गोष्ट लागू होते. शेतमाल, वीज किंवा जमीन यांविषयी दिल्लीत कितीही बैठका झाल्या, तरी मुंबईत मंत्रालयात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्याशिवाय त्यांना महाराष्ट्र कळत नाही.

[पडद्यावर: फरीदाबाद, वाशी आणि ब्रसेल्स जोडणारी रेषा]

आता एक गोष्ट बारकाईने पाहू, कारण माझ्या मते प्रकरणाचे मूळ येथे आहे. आंब्याच्या पेटीसोबत जाणारे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र कृषी मंत्रालयाच्या यंत्रणेकडून दिले जाते आणि तिचे मुख्यालय फरीदाबादला आहे. निर्यात वाढवण्याचे काम करणारी अपेडा ही संस्था वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. आंबा हाताळण्याच्या आणि त्यावर प्रक्रिया करण्याच्या सुविधा, उदाहरणार्थ वाशीच्या, राज्याच्या कृषी पणन मंडळाने उभारलेल्या. आणि दूतावास परराष्ट्र मंत्रालयाचा. म्हणजे ब्रसेल्समधील तांत्रिक अधिकाऱ्याने विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर आणायचे तर चार दारे ठोठवावी लागतात. म्हणून परदेशातील आर्थिक अधिकाऱ्याच्या निम्म्या ओळखी मायदेशातच असाव्या लागतात. वाशीच्या सुविधा केंद्रात कीड मरावी म्हणून आंबा ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला जातो का, तपासणी कोण करतो, नोंद कुठे होते, हे ज्याला फोनवर विचारून दोन दिवसांत कळू शकते, त्याच्या शब्दाला ब्रसेल्समध्ये वजन येते. नाही तर तो केवळ ‘आमच्याकडे व्यवस्था उत्तम आहे’ असे सांगत राहतो, आणि असे वाक्य त्या कार्यालयात प्रत्येक देशाचा माणूस सांगून गेलेला असतो.

ओळखी टिकवण्याची आणखी एक अडचण खुद्द नोकरीच्या रचनेतच आहे. एका ठिकाणची नेमणूक साधारणपणे तीन वर्षांची असते. पहिले वर्ष भाषा, शहर आणि माणसे कळण्यात जाते, आणि शेवटच्या काही महिन्यांत लक्ष पुढच्या नेमणुकीकडे लागते. मधल्या काळात जोडलेली माणसे जर त्या अधिकाऱ्याच्या खासगी फोनमध्येच राहिली, तर नव्याने येणाऱ्याला पुन्हा पहिल्या सदिच्छा भेटीपासून सुरुवात करावी लागते. येथे स्थानिक कर्मचाऱ्यांचे महत्त्व कळते. दूतावासात नोकरीला असलेला त्याच देशातील माणूस कधी कधी वीस वर्षे त्याच विभागात असतो. कोणत्या खात्यात कोणाला लिहायचे, कोणत्या संस्थेला पत्र चालते आणि कुठे आधी फोन करावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. अशा माणसाला केवळ भाषांतरापुरते वापरणे म्हणजे घरातील जाणत्या माणसाला पाहुण्यांना पाणी देण्यापुरते ठेवणे. त्याला बैठकीत बसवावे, त्याचे मत नोंदवावे, आणि कार्यभार सोपवताना नव्या अधिकाऱ्याची प्रत्येक महत्त्वाच्या व्यक्तीशी प्रत्यक्ष गाठ घालून द्यावी.

या सगळ्याला मर्यादाही आहेत आणि त्या नीट पाळायला हव्यात. व्हिएन्ना कराराच्या ४१ व्या कलमानुसार यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करता येत नाही आणि ४२ व्या कलमानुसार राजनैतिक अधिकाऱ्याला तिथे स्वतःच्या फायद्यासाठी व्यवसाय करता येत नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधील लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी आंब्याच्या बाजूने जाहीर मोहीम चालवली. ते त्यांचे काम होते. त्यांच्या मतदारसंघात भारतीय वंशाचे दुकानदार होते आणि त्यांचा धंदा बुडत होता. दूतावासाने मात्र अशा मोहिमेचे नेतृत्व करायचे नसते. त्याने आपल्या बाजूची खरी माहिती सर्वांना सारखीच द्यायची असते, विरोधकांनाही.

त्या बंदीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. भारताने १ एप्रिल २०१४ पासूनच युरोपला जाणारा असा माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच, म्हणजे माल निवडून बांधण्याच्या केंद्रांतूनच, तपासून पाठवण्याचे बंधन घातले होते, पण तोपर्यंत तिकडे निर्णय झालेला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या तपासनिसांनी भारतात येऊन प्रमाणपत्रांची व्यवस्था पाहिली आणि तिच्यात लक्षणीय सुधारणा झाल्याचे नोंदवले. २० जानेवारी २०१५ रोजी संघाच्या समितीने आंब्यावरील बंदी मुदतीच्या जवळपास वर्षभर आधी उठवण्याच्या बाजूने मत दिले आणि त्या वर्षीचा हंगाम वाचला. वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्यावरील बंदी मात्र त्या दिवशी उठली नाही. हापूससाठी लंडनपासून दिल्लीपर्यंत माणसे बोलत होती. पडवळासाठी बोलणारे फार थोडे होते, आणि तेही पिकवून पोट भरणारी माणसे आपल्याच राज्यात आहेत.