ट्रॅक्टरला अडवायचं कसं? हातमशीनचा ऑगर ट्रॅक्टरवर चढवताना

(कोल्हापुरात शेतकरी आणि वर्कशॉपवाल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, खड्डे पाडायचं हातमशीन, म्हणजे ऑगर, आता बऱ्याच गावांत दिसतं. ५२ किंवा ६३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, खाली गिअरबॉक्स आणि त्याखाली बिट, म्हणजे माती कापणारा स्क्रूसारखा दांडा. पंचवीस-तीस खड्ड्यांना ते पुरतं. पण आजरा-चंदगडकडं काजूची लागण करायची किंवा शेताला चारी बाजूंनी कुंपण घालायचं म्हटलं, की खड्डे शेकड्यांत जातात आणि मशीन धरणाऱ्याची मनगटं बधिर होतात. मग नजर दारातल्या ट्रॅक्टरकडं जाते. बिट आहे, ट्रॅक्टर आहे, मधे एक जोड बसवला की झालं, असं वाटतं. ते तसं का होत नाही, आधी हे बघू.

हातमशीनचं इंजिन मिनिटाला सात हजारांच्या आसपास फिरतं. गिअरबॉक्स तो वेग साधारण तीस पटीनं कमी करतो, म्हणजे बिटला सव्वादोनशे-अडीचशे फेरे मिळतात. इंजिनाची ताकद २ किलोवॅट धरली, तर बिटवर पीळ, म्हणजे फिरवायचा जोर (टॉर्क), येतो ७६ न्यूटन-मीटर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला आठ किलोची पिशवी टांगा, तेवढा. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजारं फिरवायला मागं काढलेला शाफ्ट, ५४० फेऱ्यांवर २२ किलोवॅट देत असेल, तर नुसत्या पीटीओच्या टोकालाच ३९० न्यूटन-मीटर होतात. पुढं वेग कमी करायला गिअर लावला की पीळ त्याच पटीत वाढतो. सव्वापाच पटीचा डिफरन्शियल (गाडीच्या मागच्या ॲक्सलमधले गिअर) लावलात तर दोन हजारांच्या वर. त्याच पान्याच्या टोकाला साखरेची चार पोती टांगल्यासारखं.

हातमशीनच्या बिटचा दांडा बहुतेक वेळा २० मिलिमीटरचा असतो. साध्या लोखंडाचा असा दांडा सव्वादोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास कायमचा पिळला जातो. पिनेसाठी भोक पाडलेल्या जागी त्याच्याही आधी. म्हणजे ट्रॅक्टरला जोर लावायचीसुद्धा गरज पडत नाही.

दुसरी चूक म्हणजे हातमशीनचा गिअरबॉक्स तसाच पीटीओला जोडणं. तो सात हजार फेऱ्यांसाठी बनवलाय. त्यात ५४० फेरे घातले तर बिट मिनिटाला अठरा वेळा फिरेल, आणि आतले दात पहिल्याच गोट्याला चुरा होतील. तो गिअरबॉक्स ह्या कामाचा नाही. विषय संपला.

आता मुद्द्याचं. हातमशीन मोडत का नाही? कारण ते अशक्त आहे. मूळ लागलं, दगड लागला, की सेंट्रिफ्यूगल क्लच घसरतो, नाहीतर इंजिन बंद पडतं, नाहीतर धरणारा ॲक्सिलरेटर सोडतो. ट्रॅक्टरला ह्यातलं काहीच कळत नाही, तो फिरवत राहतो. म्हणून जोडकामात पहिला प्रश्न ताकद कशी पोचवायची हा नाही. अडलं तर कुठं तुटायचं किंवा कुठं सुटायचं, ते आधी ठरवा आणि बाकीचं यंत्र त्याभोवती बांधा.

ह्याचे दोन रस्ते आहेत. बिट जुनंच ठेवायचं असेल तर हायड्रॉलिक मोटर. टिपिंग ट्रॉलीसाठी ट्रॅक्टरला जो तेलाचा आउटलेट असतो, त्यावर ती चालते. मिनिटाला २० लिटर तेल मिळतंय आणि मोटर फेऱ्याला १६० सीसी तेल घेते असं धरा. गळती वजा जाता ११० फेरे मिळतात, खड्ड्याला एवढे पुरेत. मोटरच्या आधी रिलीफ व्हॉल्व्ह बसवून तो ६० बारला लावला, तर पीळ १३० न्यूटन-मीटरच्या पुढं जाणार नाही. हातमशीनच्या पावणेदोन पट, आणि २० मिलिमीटरच्या दांड्याला झेपणारा. दगड लागला की तेल व्हॉल्व्हमधून परत फिरतं, बिट थांबतं, काही मोडत नाही. पण व्हॉल्व्ह तसाच शिट्टी मारत ठेवू नका, तेल तापतं. मोटरला तेल परत न्यायला वेगळा मोकळा पाइप लागतो. ट्रॉलीचा एकच पाइप असतो आणि तेल त्यातूनच परत येतं, तशी जोडणी इथं चालत नाही. परतीच्या पाइपवर फिल्टर बसवा, कारण बऱ्याच ट्रॅक्टरांत लिफ्टचं आणि गिअरचं तेल एकच असतं. आणि बिट थेट मोटरच्या शाफ्टला लटकवू नका. बिटचं वजन आणि बाजूचे धक्के मोटरच्या बेअरिंगनं सोसायचे नसतात. ट्रॉलीच्या चाकाचा हब घ्या, त्यात दोन टेपर रोलर बेअरिंगं असतात. बिट हबला, आणि मोटर वरून कपलिंगनं.

दुसरा रस्ता पीटीओचा. इथं जुनं बिट बाजूला ठेवायचं, सगळं नवीन करायचं. उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत लेथ आणि गॅस कटिंग शेजारी-शेजारी मिळतं, त्यामुळं काम अवघड नाही. भंगारातला जीपचा डिफरन्शियल बरेच जण वापरतात. क्राउनचे (आतल्या मोठ्या गिअरचे) दात ४३ आणि पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरचे) ८ असतील तर प्रमाण ५.३७५, म्हणजे ५४० चे साधारण १०० फेरे. पण त्यासाठी आतले स्पायडर गिअर (दोन ॲक्सलना वेगवेगळं फिरू देणारे) वेल्डिंगनं पक्के करावे लागतात. ते मोकळे ठेवून नुसता एक ॲक्सल अडवला, तर दुसरा दुप्पट वेगानं म्हणजे २०० फेऱ्यांनी फिरतो आणि पीळ निम्मा होतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या बिटला २०० फेरे जास्त आहेत, माती नुसती उडते.

डिफरन्शियल उभा लटकवताना तीन गोष्टी चुकतात. पहिली म्हणजे दिशा. कुठला ॲक्सल खाली घ्यायचा ते पिनियन पीटीओच्या दिशेनं हातानं फिरवून बघा. वरून बघताना बिट घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं पाहिजे. दुसरी म्हणजे पीटीओची दिशा गाडीच्या प्रॉपेलर शाफ्टच्या उलट असते. त्यामुळं एरवी फक्त उतारावर किंवा रिव्हर्समधे भार घेणारी दातांची बाजू इथं कायम काम करते, आणि पिनियन क्राउनकडं आत ओढला जातो. पिनियनच्या बेअरिंगचं प्रीलोड (बसवताना आवळून दिलेला ताण) ढिलं असेल तर दात एकमेकांना चावतात. भंगारातून आणलेला तसाच लावू नका, आधी प्रीलोड बघा. तिसरी म्हणजे तेल. ॲक्सल आडवा असताना असलेली तेलाची पातळी इथं उपयोगाची नाही, वरचं बेअरिंग कोरडं राहतं. तेल वरच्या बेअरिंगपर्यंत भरा. मग ते सगळं तेल खालच्या सीलवर येतं, म्हणून तो सील नवाच घाला.

आता बिट. दांडा म्हणून २ इंची हेवी पाइप घ्या. बाहेरून ६० मिलिमीटर, जाडी साडेचार. पीळ सोसण्यात तो २० च्या गजाच्या तेरापट आहे. पातं ६ मिलिमीटर प्लेटचं, चकत्या कापून त्या स्क्रूसारख्या ताणायच्या. वर्कशॉपात सगळ्यात जास्त प्लेट इथंच वाया जाते. पाइप ६० चा म्हणून चकतीला आतलं भोकही ६० चं पाडतात, आणि चकती ताणली की भोक आवळतं, पाइपवर बसतच नाही. ९ इंची बिट, म्हणजे बाहेरचा व्यास २२५, आणि आटा (एका फेऱ्यात पातं उतरतं तेवढं अंतर) १५० मिलिमीटरचा असेल, तर सपाट चकतीचं भोक साडेब्याऐंशी मिलिमीटर व्यासाचं लागतं आणि बाहेरचा व्यास साडेदोनशेला थोडा कमी, २४७. चकती एका ठिकाणी चिरून बाहेरच्या कडेवर ५५ मिलिमीटरचा काप काढून टाका, मग ताणा. एका चकतीचा एक फेर, चार चकत्या म्हणजे दोन फूट. तळाच्या फेरासमोर अर्धा फेर आणखी लावा. एकाच बाजूनं कापणारं बिट खड्डा तिरका पाडतं.

टोकाला दात लागतात. कमानपाट्याचे (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचे) दात टिकतात, पण तो जास्त कार्बनचा पोलाद आहे. थंड असताना साध्या रॉडनं वेल्डिंग केलं तर जोडाच्या कडेनं तडकतो. दात बोल्टनंच लावा, बदलायलाही सोपं. आणि ते पात्याच्या बाहेर १० मिलिमीटर येऊ द्या, नाहीतर पात्याची कड भिंतीला घासत राहते आणि निम्मी ताकद तिथंच जाते.

आता ती तुटायची जागा. डिफरन्शियलच्या खाली ६० मिलिमीटरचा स्टब (आखूड दांडा), त्यावर बिटची स्लीव्ह (नळी), आणि दोन्हींतून आरपार ८ मिलिमीटरचा शिअर बोल्ट. बोल्ट साधा, ४.६ ग्रेडचा. तो ७०० न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतो. पाइप आणि पातं सुखरूप राहतं. बोल्ट सारखा तुटतोय म्हणून ८.८ चा घालणारे असतात. तो दुप्पट जोरावर तुटतो, आणि मग तुटायची पाळी दुसऱ्या कशावर तरी येते. बोल्टचे आटे कापल्या जाणाऱ्या जागी येऊ देऊ नका, तिथं कोरा भाग हवा, नाहीतर तो पाऊणपट जोरातच जातो. स्टबला ग्रीस लावा. गंजलेली स्लीव्ह बोल्ट तुटल्यावरही जाम राहते, म्हणजे बोल्ट असून नसल्यासारखा. आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट अशी, की बोल्ट तुटला तर बिट धरून ठेवायला दुसरं काहीतरी पाहिजे. स्टबला खोबण पाडून त्यात कॉलर बसवा. नाहीतर लिफ्ट वर येते, बिट खड्ड्यातच.

बूमचं, म्हणजे हे सगळं ज्याला लटकवायचं त्या तुळईचं, थोडक्यात सांगतो. बूमचं पुढचं टोक टॉप लिंकच्या ब्रॅकेटला, मधला भाग लिफ्टच्या दोन हातांवर, आणि मागच्या टोकाला डिफरन्शियल एका आडव्या पिनेवर मोकळा लटकलेला. लिफ्टचे हात गोलाईत फिरतात, त्यामुळं बिट घट्ट बांधलं तर खड्डा वाकडा होतो. पुढं-मागं मोकळीक हवी, कडेला नको. चेक चेन (लिफ्टचे हात कडेला हलू न देणाऱ्या साखळ्या) आवळून घ्या, कारण बिट अडलं की सगळा बूम कडेला ओढला जातो. लिफ्ट पोझिशन कंट्रोलवर ठेवा, म्हणजे लावलेल्या उंचीवर थांबते. ड्राफ्ट कंट्रोलवर (ओढीच्या भारावर वर-खाली होणाऱ्या) असली तर ती मधेच उचल खाते. पीटीओ शाफ्ट लावण्याआधी बूम पार वर आणि पार खाली नेऊन बघा. सगळ्यात लांब झाल्यावरही नळ्या एकमेकांत एक तृतीयांश राहिल्या पाहिजेत, आणि सगळ्यात आखूड झाल्यावर तळाला टेकता कामा नयेत.

चालवताना इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवा, बिटला साठ-सत्तर फेरे पुरतात. शिरोळ-हातकणंगल्याच्या ओल्या काळ्या मातीत एका दमात खाली गेलात तर बिट स्क्रूसारखं रुततं आणि लिफ्टला उचलत नाही. वीतभर जा, वर घ्या, माती झाडा, परत जा. तरी रुतलंच, तर ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात टाका आणि पाइप पान्यानं बिट उलटं फिरवा. काही ट्रॅक्टरना रिव्हर्स पीटीओ असतो, हायड्रॉलिक मोटरला तेल दोन्ही दिशांनी देणारा व्हॉल्व्ह असेल तर लिव्हर उलटा टाकला की झालं. झाडासाठी खड्डा असेल तर काळ्या मातीत त्याच्या भिंती गुळगुळीत होतात, पाणी आणि मुळं दोन्ही अडतात. पहारीनं त्या खरवडून काढा. पश्चिमेकडच्या जांभ्यात दात भराभर झिजतात, तिथं कार्बाइडचे घ्या. अखंड काळा खडक लागला तर ऑगर बाजूला ठेवा, तिथं ब्रेकरच लागतो. आणि आपल्याकडं नदीकाठच्या शिवारात उपसा योजनांच्या पाइपलाइन जमिनीखालून गेल्यात. पाणीपुरवठा संस्थेला विचारल्याशिवाय पहिला खड्डा घेऊ नका.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय, मुरमात बिट नुसतं फिरतं, खाली जात नाही, मग बूमवर एक माणूस उभा केला तर? अजिबात नाही. ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर उचलते, खाली दाबत नाही, त्यामुळं वजन कमी पडतं हे खरं. पण तो माणूस फिरत्या शाफ्टच्या आणि बिटच्या मधे उभा राहतो. टॉवेलचं टोक किंवा सदऱ्याची बाही अडकायला शिअर बोल्टचं डोकंसुद्धा पुरतं. आधी दात बघा, मुरमात दहातल्या आठ वेळा ते बोथट झालेले असतात. दात चांगले असतील तर डिफरन्शियलच्या वर, पिनेच्या जवळ, वीस-वीस किलोच्या दोन-तीन प्लेटा बोल्टनं आवळून टाका. बिट चालू असताना बिटच्या आणि शाफ्टच्या आसपास कुणी नाही, फक्त सीटवर एकजण.