घानाचं एअर फोर्स आणि कोल्हापूरच्या माणसाचं विमान

नमस्कार मंडळी, आज आपण जाणार आहोत पश्चिम आफ्रिकेत, घानाला. समुद्राकाठचं हे टाकोराडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची हरिकेन विमानं इथल्या बंदरात खोक्यांमधून, सुट्या पार्टमध्ये यायची, इथेच जोडायची आणि मग अख्खा आफ्रिका खंड ओलांडत पार इजिप्तपर्यंत उडवत न्यायची. आज याच टाकोराडीत घाना एअर फोर्सचा मोठा तळ आहे.

१९५७ ला घाना स्वतंत्र झाला, दोनच वर्षांत पंतप्रधान एन्क्रुमांच्या सरकारने स्वतःचं एअर फोर्स उभं करायला घेतलं, पण शिकवणार कोण? तर भारतातून आणि इस्रायलमधून ऑफिसर गेले, आणि पहिले प्रमुख होते आपल्या हवाई दलातले एअर कमोडोर जसवंत सिंग. सोबत गेली १२ एचटी-२, म्हणजे उड्डाण शिकवायची भारतीय बनावटीची विमानं.

आता ही एचटी-२ नीट बघा. पुढेमागे दोन सीट, १५५ हॉर्सपॉवरचं इंजिन, शेपटीखाली छोटंसं चाक, त्यामुळे जमिनीवर असताना नाक वर आणि पायलटला समोरचं धड दिसत नाही, म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेताना, नागमोडी चालवायचं, डावीकडून डोकवायचं, मग उजवीकडून. बंगळुरूच्या एचएएल या विमान कारखान्यात हे डिझाईन केलं डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, जर्मनीत प्राण्टल या नामवंत वायुगतिकी शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले. घानाच्या पोरांचे उड्डाणाचे पहिले धडे या विमानावर झाले, हे आपल्याकडे किती जणांना माहितीये? मला तर हे शाळेच्या पुस्तकात हवं होतं असं मनापासून वाटतं.

पुढे ट्रेनिंग ब्रिटिशांकडे गेलं, कॅनडाची चिपमंक, ऑटर, कॅरिबू आली, मग इटलीची मॅकी जेट. आता चीनची के-८ आहेत आणि सामान, सैनिक न्यायला स्पेनची सी-२९५. फ्लाईट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्ज याच एअर फोर्सचे, १९७९ ला त्यांनी सत्ता हातात घेतली, त्याच्यावर वेगळा व्हिडिओच करावा लागेल.

पण मेलडी डान्क्वा यांच्याबद्दल सांगायलाच हवं. २२ जून १९६४, चिपमंकची मागची सीट रिकामी, इन्स्ट्रक्टर खाली उभा, आणि २७ वर्षांच्या मेलडीने ते विमान एकटीने वर नेलं आणि परत उतरवलं. घानाची पहिली महिला पायलट!